छोट्या धंद्याने टोल-फ्री नंबर घ्यावा का?

पाना_स्क्रू:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. शिलाई मशीनचे सुटे भाग विकणं आणि मशीन दुरुस्ती असा आमचा छोटासा धंदा आहे. मी, बायको आणि एक मेकॅनिक, बस एवढीच फौज. ऑर्डर वेबसाइटवर येतात पण त्याआधी बऱ्याच जणांना फोनवर बोलायचंच असतं, कारण पार्ट आपल्या मशीनला बसेल का हीच धाकधूक. सध्या वेबसाइटवर माझाच मोबाइल नंबर आहे. आता एक टोल-फ्री नंबर विकणारा सेल्समन मागे लागलाय, म्हणतो नंबर घ्या, कंपनी मोठी वाटते, फोन दुप्पट येतात वगैरे. बायकोचं म्हणणं, हल्ली फोनला पैसे पडतात कुणाला, प्रत्येकाकडे अनलिमिटेड आहे, मग फुकट नंबराचं कौतुक कशाला. मला दोघांचंही पटतं हीच गोची आहे. तुमच्यापैकी कुणी घेतलाय का, फायदा झाला का, आणि नेमका खर्च कसा लागतो हे सांगा. सेल्समन खर्चाचा विषय निघाला की गोड हसतो आणि ब्रोशर पुढे करतो.

बिनधास्त_बंड्या:
घेऊ नका. वहिनी बरोबर बोलतायत. धागा संपला :)

शंकासूर:
बंड्या, एका ओळीत धागे संपायला लागले तर आपण सगळ्यांनी दिवसभर करायचं काय?
पानास्क्रू, आधी एक सांगा, फोन करणारे लोक कोण असतात? घरी हौसेने शिवणाऱ्या बायका, टेलर, की कारखानेवाले? उत्तर त्यावर आहे असं मला वाटतं.

पाना_स्क्रू:
सगळेच. पण फोन करणारे जास्त करून वयस्कर. मशीन जुनं, त्यांच्या आईच्या नाहीतर सासूच्या वेळचं, मॅन्युअल कधीच हरवलेलं. संवाद साधारण असा असतो: "अहो माझ्या मशीनचा तो खालचा गोल डबा पाहिजे." म्हणजे बॉबिन केस. मग मी मॉडेल नंबर विचारतो, मग ते म्हणतात कुठे असतो, मग मी सांगतो मशीन मागे कलंडवा आणि बेसच्या पट्टीवर बघा, मग चष्मा शोधायला जातात, फोन तसाच टेबलावर, पलीकडून कुकरची शिट्टी आणि नातवाचं रडणं मला ऐकू येतं. पाच-दहा मिनिटांनी नंबर मिळतो, तोही अर्धा घासलेला असतो.

हिशेबनीस:
थांबा थांबा, हा मुद्दा सोडून पुढे जाऊ नका. तुमचे कॉल लांब आहेत. टोल-फ्रीमध्ये मिनिटाचं बिल तुम्ही भरणार, म्हणजे तो चष्मा शोधण्याचा वेळ तुमच्या खात्यावर. मी बऱ्याच छोट्या धंद्यांची पुस्तकं लिहितो, टोल-फ्रीचं बिल आलं की मालक आधी महिन्याचं भाडं बघतात, खरं भोक असतं मिनिटांत.
साधारण रचना सगळीकडे अशीच असते. नंबराचं भाडं, ते महिन्याचं किंवा वर्षाचं. त्यावर येणाऱ्या प्रत्येक कॉलचं मिनिटावारी बिल. तो कॉल पुढे तुमच्या मोबाइलवर फॉरवर्ड होत असेल तर काही ठिकाणी त्या दुसऱ्या टप्प्याचे वेगळे पैसे. लँडलाइनवरून आलेला कॉल आणि मोबाइलवरून आलेला कॉल यांचे दरही सारखे असतीलच असं नाही. शिवाय पल्स, म्हणजे बिल ज्या टप्प्याने मोजतात तो, किती सेकंदांचा ते विचारा, साठ सेकंदांचा पल्स असेल तर एकसष्ट सेकंदांच्या कॉलला दोन मिनिटं लागतात. पॅकेजमध्ये "अमुक मिनिटं फुकट" लिहिलेलं असतं, तिथे न वापरलेली मिनिटं पुढच्या महिन्यात जातात का तेही बघा, सहसा जात नाहीत.
आणि आयव्हीआर, म्हणजे अमुकसाठी एक दाबा सांगणारा रेकॉर्डेड आवाज! "आमच्याकडे फोन केल्याबद्दल धन्यवाद" ही बाई बोलायला लागली की कॉल उचलला गेला असं धरतात, मीटर तिथून चालू. होल्डवरचं संगीतसुद्धा तुमच्या पैशाने वाजतं.

बिनधास्त_बंड्या:
म्हणजे गिऱ्हाईक कंटाळून शिव्या घालतंय तेही आपल्या खर्चाने. वा.

तारायंत्र:
इकडे थोडं तांत्रिक लिहितो, टेलिकॉममध्ये आयुष्य गेलंय म्हणून. टोल-फ्री नंबर म्हणजे वेगळी वायर किंवा वेगळी लाइन अशी बऱ्याच जणांची समजूत असते, तसं नसतं. तो फक्त एक पत्ता असतो. कुणी तो नंबर फिरवला की एक्स्चेंज एका मध्यवर्ती डेटाबेसला विचारतं की हा कुठे पाठवू, डेटाबेस उत्तर देतो की अमुक साध्या नंबरवर, आणि कॉल तिथे जातो. ही विचारणा होत असल्यामुळेच वेळेनुसार, ठिकाणानुसार वेगवेगळ्या जागी कॉल वळवता येतो, दिवसा दुकानात, संध्याकाळी मोबाइलवर, रविवारी रेकॉर्डेड निरोपावर.
इतिहास बघितला तर मूळ उद्देश वेगळाच होता. पूर्वी लांबचा फोन महाग, आणि समोरच्याने पैसे भरावे असं वाटलं तर ऑपरेटरला मध्ये घालून कलेक्ट कॉल करावा लागायचा, ऑपरेटर विचारणार की पैसे भरणार का, मग जोडून देणार. ती ऑपरेटरची पायरी काढून टाकायला अमेरिकेतल्या एटी अँड टी या फोन कंपनीने १९६७ मध्ये ८०० ने सुरू होणाऱ्या नंबरांची सेवा आणली. तेव्हा ती मोठ्या कंपन्यांनाच झेपायची. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेटाबेसवाली पद्धत आली आणि मग हळूहळू ती लहान धंद्यांपर्यंत झिरपली. १९९६ पर्यंत ८०० चे नंबर पुरेनासे झाले, मग ८८८ आणला, पुढे ८७७, ८६६, ८५५, ८४४, आणि २०१७ मध्ये ८३३. म्हणजे लोकांना हवे होते हे नक्की.
आता गंमत अशी की लांबचा कॉल महाग ही अडचणच बऱ्याच ठिकाणी उरली नाही. मूळ कारण गेलं, सवय राहिली. म्हणून वहिनींचा प्रश्न अगदी रास्त आहे.

अटलांटिकपल्याड:
तारायंत्र यांना अनुमोदन, फक्त एक भर. त्या वेगवेगळ्या आकड्यांमुळे घोळ होतो. लोकांच्या डोक्यात ८०० एवढंच बसलंय. तुमचा नंबर ८८८ किंवा ८३३ ने सुरू होणारा असेल तर काहीजण सवयीने ८०० लावतात आणि पुढचे सात आकडे बरोबर असूनही दुसऱ्याच कुणाच्या तरी ऑफिसात जातात. आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्याला तुमच्या गिऱ्हाइकाचे पैसे भरावे लागतात. आमच्या ऑफिसात याचं उलटं झालंय, आमचा नंबर आधी कुठल्यातरी तिकीट बुकिंगवाल्यांकडे होता. लोक तावातावाने रिफंड मागायचे, आम्ही सॉफ्टवेअर विकतो हे ऐकूनच घ्यायचे नाहीत. एक काका तर म्हणाले मॅनेजरला द्या, मीच मॅनेजर म्हटल्यावर म्हणाले मग त्याच्या वरच्याला द्या. प्रत्येक अशा कॉलचं बिल आम्हाला. तेव्हा नंबर घेताना विचारा की आधी कुणाचा होता आणि किती काळ रिकामा पडलाय. गुगलवर नंबर टाकून शोधलं तरी जुना मालक बऱ्याचदा सापडतो.

शंकासूर:
हे बेस्ट. वाचनखूण साठवली.

रिसेप्शनवाली:
मी फोन उचलणाऱ्या बाजूची आहे म्हणून लिहिते. गेली कित्येक वर्षं हेच काम. आमच्याकडे साधा नंबर पण आहे आणि टोल-फ्री पण, दोन्हीवर कोण फोन करतं ते रोज बघते. टोल-फ्रीवर येणारे लोक निवांत असतात. साध्या नंबरवरचा माणूस मुद्द्याला हात घालतो, ऑर्डर नंबर तयार ठेवतो. टोल-फ्रीवरचा आधी तब्येतीचं सांगतो, मग मुलगा कसा ऐकत नाही ते सांगतो, मग शेवटी "हां, ते पार्सल". हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, कारण अशाच गप्पांमधून गिऱ्हाईक टिकतं. पण मालकाला माहीत असावं की वेळ वाढतो.
दुसरं. तक्रार असलेला माणूस. त्याची वस्तू बिघडलीय, तो आधीच तापलाय, आणि वरून आपल्याला फोन करायचे पैसे त्याचेच जातायत असं त्याला वाटलं तर पहिली दोन मिनिटं त्यातच जातात. टोल-फ्रीवर निदान ती ठिणगी नसते. म्हणून मला विचाराल तर विक्रीसाठी घेऊ नका, विक्रीनंतरच्या मदतीसाठी घ्यायचा तर घ्या.

टेम्सकाठचा:
रिसेप्शनवाली ताईंनी फार महत्त्वाची रेघ मारलीय, विक्रीपूर्वी आणि विक्रीनंतर. युरोपियन युनियनच्या कायद्यात नेमकी हीच रेघ आहे. ग्राहक हक्कांचा २०११ चा निर्देश, कलम २१, असं सांगतो की ज्याने तुमच्याकडून आधीच वस्तू घेतलीय त्याला त्या व्यवहाराबद्दल फोन करायचा असेल तर साध्या दरापेक्षा जास्त पडता कामा नये. जून २०१४ पासून हे लागू आहे. २०१७ मध्ये युरोपियन न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की साधा दर म्हणजे नेहमीच्या लँडलाइन किंवा मोबाइल नंबरला लागतो तेवढाच, त्याच्या वर नाही, विक्रेत्याला त्यातून नफा होवो न होवो. पण लक्षात घ्या, कायदा फुकट द्या म्हणत नाही. लुबाडू नका एवढंच म्हणतो.
ब्रिटनमध्ये अजून एक किस्सा झालेला. ०८०० नंबर लँडलाइनवरून फुकट, पण मोबाइलवरून कित्येक वर्षं पैसे लागायचे. म्हणजे दुकानदार पाटीवर "फ्रीफोन" लिहून वर पैसे भरतोय आणि गिऱ्हाईकही भरतंय, दोघांच्या खिशाला कात्री. १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही फुकट झाले. त्यामुळे तुमच्याकडे टोल-फ्री मोबाइलवरून खरंच फुकट लागतो का हे सेल्समनच्या शब्दावर न ठेवता स्वतः तपासा.
आणि मधला एक मार्ग पण आहे. २००७ मध्ये तिथे ०३ ने सुरू होणारे नंबर आणले. गावाशी बांधलेले नाहीत, देशभर एकच, पण फोन करणाऱ्याला साध्या नंबराएवढेच पैसे आणि त्याच्या पॅकमधल्या मिनिटांतूनच जातात. छोट्या धंद्याला हे मला सगळ्यात समंजस वाटतं.

तारायंत्र:
भारतात १८०० आणि १८६० असा फरक आहे तो याच जातीचा. १८०० चा खर्च नंबर घेणाऱ्याचा, १८६० ला फोन करणाऱ्यालाही पैसे लागतात. लोक दोन्हींना सरसकट टोल-फ्री म्हणतात, ते चूक.

बिनधास्त_बंड्या:
एवढं वाचून माझं मत बदललं नाही. प्रत्येकाकडे व्हॉट्सॅप आहे. गिऱ्हाइकाला सांगा मशीन उलटं करून बेसच्या पट्टीचा फोटो पाठवा. चष्मा नको, वाचायला नको, घासलेला नंबर तुम्ही झूम करून बघा. खेळ खल्लास.

पाना_स्क्रू:
बंड्या, हे मात्र खरंच डोक्यात आलं नव्हतं असं नाही, आम्ही सांगतो पण. तरुण लोक लगेच पाठवतात. आजीबाई म्हणतात "संध्याकाळी सून आली की पाठवते", आणि ती संध्याकाळ काही येत नाही. फोनवर धरून ठेवलं तर ऑर्डर होते.

शंकासूर:
मग माझा पहिला प्रश्न पुन्हा. या आजीबाई कशावरून फोन करतात, लँडलाइन की मोबाइल, आणि त्यांना पैशाची चिंता असते का? फोन ठेवताना कुणी कधी म्हणालंय का की बिल वाढेल?

पाना_स्क्रू:
कधीकधी. "तुम्हीच लावा ना परत" असं म्हणणारे आहेत काही. मग मी लावतो.

हिशेबनीस:
घ्या, उत्तर तिथेच मिळालं की. परत फोन लावणं हाच तुमचा टोल-फ्री आहे. तुमच्या आउटगोइंगला एक्स्ट्रा पैसे लागत नसतील तर वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहा, "मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो", आणि वेळ सांगा, सकाळी अमुक ते अमुक. मिनिटाचं बिल नाही, भाडं नाही. आणखी एक फायदा असा की तुम्ही तयारीने बसून फोन करता, मशीनच्या आकृत्यांचं पुस्तक समोर उघडून, मेकॅनिक शेजारी. दुरुस्तीच्या स्टँडवर अर्धी खोललेली मोटर सोडून, हाताला ग्रीस तशीच, कानाला फोन, असं होत नाही.

रिसेप्शनवाली:
याला एक अट आहे. परत फोन करायचा म्हणजे करायचाच. दोन तासांत म्हटलं तर दोन तासांत. आमच्याकडे एकदा "कॉलबॅक" नावाची शीट काढली होती, तिसऱ्या आठवड्यापासून कुणी उघडलीच नाही, लोक परत परत फोन करून वैतागायचे, त्यापेक्षा नसती काढली तर बरं झालं असतं. मिस्ड कॉलची यादी ज्याची जबाबदारी त्याच्याच फोनवर हवी, सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही.
आणि अनोळखी नंबर हल्ली लोक उचलत नाहीत, स्पॅममुळे. म्हणून ज्या नंबरवर त्यांनी मिस्ड कॉल दिला त्याच नंबरवरून परत लावा. वेगळ्या नंबरवरून लावला की संपलं.

अटलांटिकपल्याड:
सेल्समनच्या "कंपनी मोठी वाटते" या मुद्द्याकडे कुणी बघितलंच नाही. मला तो अर्धा खरा वाटतो. अनोळखी वेबसाइटवर पैसे भरताना लोक खाली जाऊन नंबर बघतात, फोन करतातच असं नाही, फक्त आहे की नाही बघतात. नुसता मोबाइल नंबर असला की जरा शंका येते, उद्या बंद झाला तर. पण उलटंही आहे, शिलाई मशीनसारख्या धंद्यात लोकांना मोठी कंपनी नकोच असते. त्यांना असा माणूस हवा जो म्हणेल "हो हो, ते काळं मशीन, सोनेरी वेलबुट्टीवालं, त्याचा शटल मिळतो माझ्याकडे." १-८०० लावून तीन मेनू दाबल्यावर असा माणूस भेटेल असं कुणालाच वाटत नाही.
व्हॅनिटी नंबर नावाचा पण एक प्रकार असतो, म्हणजे बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांतून शब्द बनतो असा. फुलं विकणारी १-८००-फ्लॉवर्स ही कंपनी त्यावरच उभी राहिली. रेडिओवर गाडी चालवताना ऐकून लक्षात राहावा म्हणून ती युक्ती होती. आता लोक नंबर लक्षात ठेवतच नाहीत, स्क्रीनवर बोट लावतात आणि लागतो. त्यासाठी जास्तीचे पैसे मागत असेल सेल्समन तर सरळ नाही म्हणा.

बिनधास्त_बंड्या:
बरं मी एक वेगळा मुद्दा काढतो, सगळ्यांनी सोडलाय तो. पानास्क्रू, तुमचा स्वतःचा मोबाइल वेबसाइटवर आहे हीच खरी पंचाईत आहे, टोल-फ्री असो नसो. रात्री साडेदहाला पण फोन येत असणार. नातेवाईक, बँक, गिऱ्हाईक सगळे एकाच खड्ड्यात. उद्या मेकॅनिकला फोन सांभाळायला द्यायचा तर तुमचं सिमच द्यावं लागेल. नंबर धंद्याचा पाहिजे, माणसाचा नको.

शंकासूर:
बंड्या गंभीर झाला, आज सूर्य पश्चिमेला.

पाना_स्क्रू:
बंड्या, अगदी. परवा लग्नात जेवायला बसलो होतो आणि एक बाई विचारत होत्या सुई का तुटते. मी वाढप्याला हात दाखवतोय आणि फोनवर सांगतोय सुईची सपाट बाजू मागे करा. बायको मला बघत होती, म्हणजे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने.

तारायंत्र:
हाच माझा मुद्दा होता, बंड्याने सोप्या शब्दांत मांडला. टोल-फ्रीचे दोन भाग वेगळे करून बघा. एक, फोन करणाऱ्याचे पैसे वाचतात. दोन, नंबर कुठल्या एका फोनला चिकटलेला नसतो, वळवता येतो, वेळ लावता येते, कॉलची नोंद मिळते. तुम्हाला दुसरा भाग हवाय. तो साध्या व्हर्च्युअल नंबरातही मिळतो, ज्याला काही लोक क्लाउड टेलिफोनी म्हणतात. नंबर साधा, फोन करणाऱ्याला साधा दर, पण मागे तेच वळवणं, तीच वेळ, तोच रिपोर्ट. येणाऱ्या कॉलचं तुम्हाला काय लागतं ते प्लॅनवर आहे पण टोल-फ्रीपेक्षा सहसा कमी.
दुकान बंद असताना "उद्या सकाळी दहाला फोन करतो, मॉडेल नंबर सांगून ठेवा" असा निरोप लावा. रेकॉर्डिंगमध्ये लोक काहीही बोलतात, पण बोलतात, आणि नंबर तर पडतोच यादीत.

टेम्सकाठचा:
आणखी दोन गोष्टी टोल-फ्री घेणाऱ्या कुणासाठीही. परदेशातून टोल-फ्री नंबर बहुधा लागत नाही. तुमचे सुटे भाग कुणी बाहेरच्या देशातून मागवत असेल तर साधा नंबर, देशाच्या कोडसकट, बाजूला छापलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय फ्रीफोन नावाचा प्रकार आहे, +८०० आणि पुढे आठ आकडे, आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडून मिळतो, पण ते मोठ्यांचं काम, तुमच्या साइझला नाही.
दुसरं म्हणजे नंबराची मालकी. करार वाचा. कंपनी बदलली तर नंबर बरोबर नेता येतो का? अमेरिकेत टोल-फ्री नंबर १९९३ पासून एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतात, त्यामुळे कंपन्यांना भाव खाता येत नाही. प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक मधल्या एजंटकडे तसं असेलच असं नाही. नंबर एजंटच्या नावावर घेतलेला आणि तुम्ही फक्त वापरणारे, असं असलं तर डबे, पिशव्या, मशीनवरचे स्टिकर सगळ्यांवर त्याचा नंबर छापून तुम्ही त्याच्याच दावणीला.

हिशेबनीस:
स्टिकर! पानास्क्रू तुम्ही दुरुस्त केलेल्या मशीनला स्टिकर लावता का?

पाना_स्क्रू:
लावतो ना. हँडव्हीलच्या खाली, तिथे हात लागत नाही आणि पुसला जात नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या स्टिकरवरून पण फोन येतात, तेव्हाचा लँडलाइन नंबर मी त्यासाठीच चालू ठेवलाय.

हिशेबनीस:
मग तर नंबर बदलण्याचा खर्च तुमच्या बाबतीत कुठल्याही भाड्यापेक्षा मोठा आहे. जो घ्याल तो पुढची वीस वर्षं टिकायला हवा. यावरून निर्णय करा. टोल-फ्री घेतला आणि दोन वर्षांनी बिल झेपत नाही म्हणून सोडला, तर तो नंबर दुसऱ्या कुणाला जाणार आणि तुमचे स्टिकरवाले लोक त्याचं बिल वाढवणार. अटलांटिकपल्याडच्या त्या काकांसारखे.

बिनधास्त_बंड्या:
"सुई तुटली, मॅनेजरला द्या."

अटलांटिकपल्याड:
हाहा. अवांतर: अमेरिकेत टोल-फ्री नंबरवर मुद्दाम रोबोकडून ढीगभर कॉल करवून घेणारे भामटे पण असतात, कारण कॉल जिथून निघतो तिथल्या फोन कंपनीला प्रत्येक कॉलमागे मोबदला मिळतो आणि त्यात यांचा वाटा. पैसे भरणार नंबरवाला. २०२० मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने तो मोबदला टप्प्याटप्प्याने कमी करायचा नियम केला तो या असल्या प्रकारांमुळे. छोट्या धंद्याने म्हणूनच टोल-फ्री घेतलाच तर महिन्याच्या बिलाला वरची मर्यादा लावून मिळते का ते विचारावं, आणि दर आठवड्याला कॉलची यादी बघावी. एकाच नंबरवरून रात्री तीनला लागोपाठ चाळीस-चाळीस सेकंदांचे कॉल दिसले तर लगेच ब्लॉक.
अजून एक, तिथे टोल-फ्रीवर फोन करणाऱ्याने स्वतःचा नंबर लपवला तरी पैसे भरणाऱ्याला तो मिळू शकतो. पैसे तुमचे म्हणून माहिती तुमची असा हिशोब.

रिसेप्शनवाली:
पानास्क्रू, काहीही घ्यायच्या आधी एक काम करा. एक वही फोनशेजारी ठेवा आणि प्रत्येक फोनला एक ओळ. वेळ, नवा की जुना गिऱ्हाईक, कशासाठी, किती वेळ, पुढे ऑर्डर झाली का. एवढंच. दोन-तीन आठवडे. मी हे आमच्या मालकांना करून दिलं होतं तेव्हा कळलं की निम्मे फोन "माझं पार्सल कुठे पोचलं" यासाठीच येतात. मग पार्सल निघालं की मेसेज जायची सोय केली आणि ते फोन गळून पडले. त्या फोनांसाठी टोल-फ्री चालवणं म्हणजे स्वतःच्या आळसाचं बिल भरणं.

शंकासूर:
+१. आणि ज्यांचे फोन वाजून वाजून बंद झाले, कुणी उचललेच नाहीत, ते पण त्या वहीत यायला हवेत. तिघांच्या धंद्यात तोच आकडा सगळ्यात मोठा निघेल अशी मला शंका आहे (नावाला जागतोय). फुकट नंबर कुणी उचलत नसेल तर गिऱ्हाईक फुकटात नाराज होणार एवढाच फरक.

पाना_स्क्रू:
मंडळी खूप खूप आभार, एवढं कुठल्या सल्लागाराने सांगितलं नसतं. बायकोला वाचून दाखवला धागा, ती बंड्याच्या पहिल्या प्रतिसादावर फार खूश आहे.
वही आजपासून सुरू केली. सेल्समनला सध्या थांबवलंय, त्याला पल्स किती सेकंदांचा विचारल्यावर हसणं बंद झालं. विचार असा आहे की आधी साधा व्हर्च्युअल नंबर घ्यायचा, सकाळी दहा ते सात दुकानात वाजेल, न उचलल्यास बायकोच्या फोनवर, सातनंतर निरोप. वेबसाइटवर मिस्ड कॉलचं लिहायचं. माझा मोबाइल काढून टाकायचा. जुना लँडलाइन त्याच नंबरकडे वळवायचा. दुरुस्ती झालेल्या मशीनच्या लोकांसाठी पुढेमागे टोल-फ्री घ्यायचा का ते वही बघून ठरवू.
एकच प्रश्न उरला. पुढे टोल-फ्री घेतलाच, तर तो या व्हर्च्युअल नंबरावरच वळवता येईल ना? की सगळी मांडणी परत करावी लागेल?

तारायंत्र:
येईल. टोल-फ्रीचं शेवटचं टोक म्हणून हाच नंबर द्यायचा. फक्त दोन आयव्हीआर एकामागे एक लागू देऊ नका, टोल-फ्रीवाल्यांचा बंद ठेवायला सांगा, नाहीतर आजीबाईंना दोनदा नमस्कार ऐकावा लागेल आणि दोन्ही वेळा मीटर तुमचं. आणि वळवलेल्या कॉलवर फोन करणाऱ्याचा खरा नंबर तुमच्या स्क्रीनवर दिसतो का ते आधी टेस्ट करून घ्या. काही सेवांमध्ये मधलाच नंबर दिसतो, मग परत फोन कुणाला लावणार.

रिसेप्शनवाली:
टेस्ट करताना लँडलाइनवरून पण लावून बघा हं, आणि एकदा दुकान बंद झाल्यावर. निरोपाचा आवाज बायकोचा ठेवा, मशीनचा नको.

बिनधास्त_बंड्या:
आणि निरोपात सांगून टाका, सुईची सपाट बाजू मागे. निम्मे फोन तिथेच कमी होतील.

पाना_स्क्रू:
बंड्या, सगळ्या मशीनना मागे नसते, काहींना उजवीकडे, काहींना डावीकडे. म्हणूनच तर फोन येतात.